घारीचा प्रश्न

खडूचा तुकडा सरळ वर फेकला. तो चढला, क्षणभर थबकला आणि खाली आला. हातातून सुटल्यानंतर, वर जात असताना, त्याच्यावर कोणकोणती बलं काम करत होती?

नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. सदाशिव पेठेतल्या शंभरी ओलांडलेल्या शाळेत विचारा, नाही तर धनकवडीतल्या महापालिकेच्या शाळेत. उत्तर बहुधा एकच येतं. हाताचा जोर खडूला वर नेतो, तो जोर हळूहळू संपतो, मग गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि खडू खाली येतो. गंमत अशी, की हीच मुलं न्यूटनचे तिन्ही नियम एका दमात म्हणून दाखवतात. पहिला नियम तर स्वल्पविरामासकट पाठ. त्या नियमाचा आणि या खडूचा काही संबंध असेल, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

बरोबर उत्तर फार छोटं आहे. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर हात सुटल्या क्षणापासून खडूवर एकच बल आहे, गुरुत्वाकर्षणाचं, आणि ते सतत खालीच ओढतं आहे. चढतानाही, थबकतानाही, पडतानाही. वर नेणारा ‘जोर’ नावाचा पदार्थ खडूच्या पोटात भरलेला नाही.

हे ऐकल्यावर वर्गात शांतता पसरते. ‘सर म्हणतात म्हणजे असेल’, अशी ती शांतता. मूल त्याच क्षणी मनात दोन कप्पे करतं. एकात पटलेलं, दुसऱ्यात पाठ केलेलं. परीक्षेला दुसरा कप्पा उघडायचा, पेपर संपला की बंद करायचा. भौतिकशास्त्राची धास्ती घेतलेल्या मुलांशी नीट बोलून पाहिलं, तर सूत्रं आणि आकडेमोड यांच्या तक्रारींखाली हीच बोच सापडते. आपण जे लिहितो ते आपल्याला खरं वाटत नाही. कोणी जरा खोदून विचारलं की उघडे पडू.

हा कप्पेबंद कारभार फक्त आपल्याकडच्या घोकंपट्टीचा, असं समजायचं कारण नाही. इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या विद्यापीठात हीच गोष्ट तपासली आणि १९८५मध्ये प्रसिद्ध केली. भौतिकशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम पुरा करूनही विद्यार्थ्यांच्या गतीबद्दलच्या मूळ समजुती फारशा हलत नाहीत, असं त्यांना आढळलं. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी ते वाचलं तेव्हा स्वतःच्या विद्यार्थ्यांबद्दल त्यांना चिंता नव्हती. ती मुलं भल्याभल्यांना घाम फोडणारी गणितं सोडवत. १९९०मध्ये त्यांनी वर्गाला गतीबद्दलच्या तशाच साध्यासुध्या प्रश्नांची चाचणी दिली. त्यावर एका विद्यार्थ्याने त्यांनाच विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहायची, की मला स्वतःला वाटतं त्याप्रमाणे? माझुर यांची शिकवण्याची पद्धत त्या प्रश्नानंतर पार बदलली.

म्हणजे प्रश्न जितका शाळेचा तितकाच तत्त्वज्ञानाचा. एखादी गोष्ट ‘कळली’ असं कधी म्हणावं? बिनचूक म्हणता आली की? तिच्या आधारे गणित सुटलं की? की आपल्याला आधी जे वाटत होतं, त्याच्याशी तिचा झगडा होऊन निकाल लागला की?

खडूच्या पोटातल्या जोरावर विश्वास ठेवणारा मुलगा मोठ्या थोर मंडळींच्या पंगतीत बसलेला असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. कणादांच्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात सुटलेल्या बाणाचा विचार केला आहे. पहिलं चलन धनुष्याच्या रेट्यामुळे. त्या चलनातून बाणात एक संस्कार निर्माण होतो आणि पुढची चलनं त्या संस्कारामुळे होत राहतात. संस्कार उरला नाही, की गुरुत्वामुळे बाण पडतो. प्रशस्तपादांनी पुढे गुरुत्वाला गुणांमध्ये जागा दिली आणि ‘वेग’ हा संस्काराचाच एक प्रकार म्हणून मांडला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसने, चौदाव्या शतकात पॅरिसमधल्या बुरिदानने साधारण याच चालीने विचार केला: फेकणारा वस्तूला काही तरी देतो आणि त्या शिदोरीवर ती पुढे जाते.

‘गुरुत्व’ हा शब्द आज बालभारतीच्या पुस्तकात आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. म्हणून कणादांना न्यूटन ठाऊक होता, अशी बढाई मारायची गरज नाही. तो नव्हताच ठाऊक. कणादांचं मोठेपण दुसरीकडे आहे. सुटलेल्या बाणाला आता कोणीही ढकलत नसताना तो पुढे का जातो, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी त्याला नेटकं उत्तर दिलं. ते उत्तर बाजूला सारायला माणसाला दीड-दोन हजार वर्षं लागली. गतीला कारण लागत नाही, गती बदलायला कारण लागतं, ही गोष्ट गॅलिलिओ, देकार्त, न्यूटन यांच्या हातून सतराव्या शतकात एकदाची उभी राहिली. आणि आपण ती नववीच्या मुलाने पस्तीस मिनिटांच्या तासिकेत गिळावी अशी अपेक्षा करतो. नाही गिळता आली तर त्याला ‘ढ’ म्हणतो.

इथे आपल्याच शास्त्रपरंपरेतली एक रीत आठवते. कोणत्याही शास्त्रात सिद्धांत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं त्यालाही मांडता येणार नाही इतक्या ताकदीने मांडायचं, त्याची कारणं द्यायची, मग एकेक कारण तपासत आपल्या मताकडे यायचं. पूर्वपक्ष लंगडा मांडला तर सिद्धांताची किंमत तेवढीच कमी.

यास्काचं निरुक्त हा वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणारा ग्रंथ. त्याच्या पहिल्याच अध्यायात यास्क एका कौत्साचं मत देतो, की मंत्रांना अर्थच नसतो. ज्या ग्रंथाचा सगळा डोलारा शब्दांच्या अर्थावर उभा, त्याच्या उंबरठ्यावरच हा सुरुंग! कौत्साची कारणंही गुळमुळीत नाहीत. मंत्रांतले शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला, त्यात बदल चालत नाही. कुठे वनस्पतीशी बोलणं चाललेलं, कुठे कुऱ्हाडीशी. कुठे एक विधान दुसऱ्याला छेद देणारं. यास्क हे सगळं मांडतो आणि मग एकेकाला उत्तर देतो. वेद पाठ करून अर्थ न जाणणारा म्हणजे नुसता ओझं वाहणारा खांब, हा प्रसिद्ध दाखलाही त्याच अध्यायातला. कौत्साला मंत्र निरर्थक वाटले म्हणून यास्काने त्याला वर्गाबाहेर काढलं नाही. त्याच्या शंकेला ग्रंथात मानाची जागा दिली, आणि त्या जागेमुळेच ती आज आपल्याला माहीत आहे.

प्रत्यक्ष दिसेल तेवढंच खरं मानणाऱ्या चार्वाकांचंही तेच. त्यांचं म्हणणं आज आपल्याला कळतं ते बरंचसं त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात पहिलं प्रकरण चार्वाकाचं आहे. पुण्यात १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात, पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी जी संस्कृत पाठशाळा काढली, तिथेही वेदान्त, व्याकरण, ज्योतिषाच्या जोडीला न्याय शिकवला जाई. आणि प्रतिपक्ष मांडता आल्याशिवाय न्याय शिकून होत नाही. पुढे याच पाठशाळेतून डेक्कन कॉलेज उभं राहिलं. इटलीत गॅलिलिओने १६३२मध्ये पृथ्वीच्या गतीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं तेही तीन माणसांच्या संवादाच्या रूपात. त्यातला सिंप्लिचिओ जुन्या मताची बाजू लढवतो. पुस्तक चार दिवस चालणाऱ्या चर्चेचं आहे आणि सिंप्लिचिओ त्यात शेवटपर्यंत बोलतो.

शाळेचं विज्ञानाचं पुस्तक मात्र थेट सिद्धांतापासून सुरू होतं. त्यात कणाद नाही, सिंप्लिचिओ नाही, खडूच्या पोटातला जोर नाही. जे मत मोडायचं, ते मांडलेलंच नाही. ते मत मुलाच्या डोक्यात असतं, पण पुस्तकाला त्याची खबर नसल्यामुळे मुलाला वाटतं, असा खुळा विचार जगात फक्त आपल्यालाच सुचतो. मग तो लपवतो. लपवलेला पूर्वपक्ष कधीच खंडित होत नाही. दहावी, बारावी, अभियांत्रिकीची पदवी ओलांडून तो सुखरूप म्हातारा होतो.

यावर एक हरकत हमखास येते: मग काय पाठांतर मोडीत काढायचं? तसं कोणी म्हणू नये, पुण्यात तर नाहीच. इथे घनपाठी वैदिक अजून आहेत, आणि पावकी-निमकी-दीडकी म्हणत मोठ्या झालेल्या पिढीतले आजोबा अजूनही मंडईत भाजीवाल्याच्या आधी हिशेब करतात. पाढे पाठ असले की डोकं मोकळं राहतं. प्रकाशाचा वेग, मूलद्रव्यांच्या संज्ञा, एककं ही पाठच करायची. माहिती पाठ केल्याने कोणाचं बिघडत नाही. जिथे पटायला हवं तिथे पाठांतराने वेळ मारून नेली, की बिघडतं.

पटवायचं कसं, याचं एक उत्तर गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात आहे. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या परिसरात ‘पुलस्त्य’ नावाची इमारत आहे. पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून ती झाली आणि तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका चालते. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी सुमारे दशकभर तिथे काम केलं. कानपूरच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुण्यात टेल्कोत रुजू झाले होते. १९७८मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२मध्ये सोळा शाळांत सुरू केला होता. तिथल्या आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या करायची युक्ती सुचली. त्रिकोण दाबून वाकत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो, हे दहा पैशांच्या सामानात बोटांना कळायला लागलं. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या खेळण्यांपैकी विजेची मोटार फार बोलकी आहे. साहित्य एवढंच: टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर, एक चुंबक आणि वाइंडिंगची तार. सेलच्या दोन्ही टोकांना रबराने पिना घट्ट बसवायच्या, सेलवर चुंबक ठेवायचं, तारेचे दहाएक वेढे घेऊन वेटोळं करायचं आणि त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. वाइंडिंगच्या तारेवर रोधक लेप असतो, तो टोकांवरून खरवडावा लागतो. खरी मेख इथे आहे. एक टोक चहूबाजूंनी खरवडायचं, दुसरं अर्धंच.

मुलं हमखास दोन्ही टोकं लख्ख खरवडतात. अर्धवट काम कशाला! आणि मोटार फिरत नाही. वेटोळं जागच्या जागी थरथरतं. चिडून, उलटसुलट करून, शेजारच्याची चालू मोटार निरखून पाहिल्यावर कोडं सुटायला लागतं. पूर्ण खरवडलं तर अर्ध्या फेरीत वेटोळ्याला पुढे रेटा मिळतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे. अर्धा लेप ठेवला, तर मागे रेटा मिळायच्या वेळी वीजच बंद होते. मग त्या अर्ध्या फेरीत वेटोळ्याला कोण फिरवतं? कोणीच नाही. ते फिरत होतं म्हणून फिरत राहतं. खडूला वर जाताना कोणी नेत नव्हतं, तसंच. न्यूटनचा पहिला नियम इथे बोटांखाली गरगर फिरत असतो आणि त्याची व्याख्या अजून कोणी उच्चारलेलीही नसते.

मुक्तांगणच्या खोलीत चुकीला किंमत जवळजवळ नसते. तार मीटरभर लागते. बिघडलेली मोटार ही त्या मुलाने मांडलेला पूर्वपक्ष असते आणि तिचं खंडन तो स्वतःच करतो. भीती पळते ती नेमकी इथे. ‘विज्ञान सोपं आहे’ असं सांगितल्याने ती पळत नाही. किंबहुना तसं सांगितल्याने, जे इतरांना सोपं ते मला अवघड का, ही नवी भीती बसते.

पण मग डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तेवढंच खरं मानायचं का? तसं मानलं तर चार्वाकापाशी येऊन थांबावं लागेल, आणि चार्वाकाला पृथ्वी फिरते हे कधीच पटणार नाही. डोळ्यांना सूर्य फिरताना दिसतो. आयुकाच्या मधल्या कुंडात न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ यांच्यासोबत आर्यभटाचा पुतळा आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९च्या आपल्या ग्रंथात म्हटलं, की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात. नाव आपणच आहोत.

हे त्याच्या नंतरच्या मोठमोठ्या विद्वानांना पटलं नाही, आणि त्यांच्या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. वराहमिहिराने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेल्या घारी आपल्या घरट्यात परत कशा येतात? घरटं तोवर कुठल्या कुठे गेलेलं असायला हवं. ब्रह्मगुप्ताने विचारलं, पृथ्वी फिरते तर उंच उंच वस्तू कोसळत का नाहीत? सातवीतल्या मुलीने हाच प्रश्न विचारला तर तिला गप्प बसवू नये. तिच्या पाठीशी भारतीय गणितातलं एक फार मोठं नाव उभं आहे. उत्तर मिळालं ते हजार वर्षांनी. बंदिस्त जहाजाच्या पोटात उडणारी फुलपाखरं जहाज चालू असलं तरी मागच्या भिंतीवर आपटत नाहीत, असा दाखला गॅलिलिओने दिला. तीही जहाजासोबत आधीपासून पुढे चाललेली असतात. घारही पृथ्वीसोबत चाललेली असते. पुन्हा तोच पहिला नियम. खडू, मोटार, घार, तिन्ही एकाच दोरीने बांधलेली.

ज्याला हे तपासायचं असेल त्याने स्वारगेटहून कात्रजला जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये बसून रुपयाचं नाणं सरळ वर उडवावं. बस एकसारख्या वेगाने चालली असेल तर नाणं परत हातातच पडतं, मागच्या सीटवरच्या काकांच्या मांडीवर नाही. बस एकसारखी चालण्याची अट तेवढी पुण्यात जरा जड जाते.

आणि पृथ्वी फिरते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा असेल, तर आयुकात फूकोचा लंबक आहे. लेऑं फूकोने १८५१मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोंचा गोळा टांगून हा प्रयोग लोकांना दाखवला होता. लंबक आपल्या प्रतलात झुलत राहतो, खालची जमीन फिरते, आणि आपल्याला वाटतं की झोक्याची दिशाच वळते आहे. ध्रुवावर एक फेरी जवळपास एका दिवसात पुरी होते. पॅरिसमध्ये तिला सुमारे ३२ तास लागतात. साडेअठरा अंशांवरच्या पुण्यात सुमारे ७५ तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडं जास्त. अर्ध्या तासाच्या सहलीत दिशा अडीच अंशही सरकत नाही. प्रत्यक्ष प्रमाण हवं, तर धीरही हवा.

सगळीकडे असा धीर धरता येत नाही. दहावीतल्या कोणी इलेक्ट्रॉन पाहिलेला नसतो, त्याच्या शिक्षकांनीही नाही. तिथे कोणाच्या तरी शब्दावर विसंबावंच लागतं. मग विज्ञानात आणि पोथीत फरक काय, हा प्रश्न चलाख मुलं विचारतात, आणि त्यांना दटावण्यापेक्षा न्यायशास्त्राकडे न्यावं. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण? वात्स्यायनांच्या भाष्याप्रमाणे, ज्याने ती वस्तू नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू, असंही ते तिथेच स्पष्ट करतात. आप्तपण जातीने येत नाही, पदाने येत नाही. जाणण्याने आणि खरं सांगण्याने येतं.

म्हणून ‘हे मला माहीत नाही, उद्या बघून सांगते’ असं म्हणणाऱ्या बाई मुलांना जास्त आप्त वाटतात. एक मोटार स्वतः फिरवून पाहिलेलं मूल पुढच्या दहा न पाहिलेल्या गोष्टींवर विश्वास टाकतं तेव्हा तो विश्वास आंधळा नसतो. तपासायची वाट कुठून जाते, हे त्याने एकदा पाहिलेलं असतं.

या सगळ्याला पुण्यात एक सरकारी बाजूही आहे. राज्याचं परीक्षा मंडळ इथलं, बालभारती इथली, शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदही इथलीच. २०२४मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव चर्चेत आला: दहावीला गणित आणि विज्ञानात ३५च्या खाली पण किमान २० गुण मिळाले, तर विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावं, मात्र गुणपत्रिकेवर शेरा असावा, की हे विषय त्याला पुढे घेता येणार नाहीत. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं बरंच आहे. एका विषयापायी शाळाच सुटणाऱ्या मुलामुलींचं काय, हा प्रश्न खोटा नाही. कला, वाणिज्य, एखादं हस्तकौशल्य यांची वाट त्यांना मोकळी व्हावी, हे कोणालाही पटेल.

तरी त्या शेऱ्यापाशी मन अडखळतं. ‘अधिकारी’ आणि ‘अनधिकारी’ ही आपल्याकडची फार जुनी वाटणी. कोणी कोणती विद्या शिकावी हे शिकण्याआधीच ठरायचं. १८४८मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी या वाटणीलाच आव्हान दिलं होतं. आज शेरा जन्मावरून नसेल, गुणांवरून असेल. पण ज्याचा पूर्वपक्ष कोणी कधी ऐकूनच घेतला नाही, त्याचे वीस गुण नेमके कशाचे मोजमाप आहेत?

उरला श्रद्धेचा प्रश्न. मार्चमध्ये दगडूशेठच्या गणपतीसमोर हॉलतिकीट घेऊन उभ्या असलेल्या मुलांकडे पाहून काही मंडळी कपाळाला हात लावतात. त्याची गरज नाही. धीर मागायला आलेल्या मुलाने धीर मागावा. चिंता करावी ती सूत्रांचीच मंत्रासारखी पोथी झाली त्याची. मंत्राला अर्थ नसतो हे कौत्साचं मत यास्काने खोडलं. आपल्या वर्गात मात्र सूत्राच्या बाबतीत कौत्सच जिंकलेला दिसतो. विज्ञानाची पदवी आणि कुठलाही न तपासलेला दावा एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदतात, कारण दोन्ही दुसऱ्या कप्प्यात, पाठ केलेल्यांच्या रांगेत बसलेले असतात.

दावा तपासायचा कसा, याचा नमुना नारळीकरांनी पुण्यातच घालून दिला. २००८मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार म्हणून शाळेने निवडलेली शंभर मुलं आणि बौद्धिक वाढ खुंटलेली शंभर मुलं, अशा दोनशे कुंडल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. ५१ जणांनी भाग घेतला, २७ जणांनी उत्तरं कळवली. नाणेफेक करूनही निम्मी उत्तरं बरोबर आली असती. यांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. निकाल हवा तो लागो, पद्धत बघण्यासारखी आहे. ‘हे थोतांड आहे’ असं जाहीर करून ते मोकळे झाले नाहीत. ज्योतिषांचा दावा त्यांनी गांभीर्याने मांडून घेतला, तो खरा असेल तर काय दिसायला हवं ते ठरवलं, आणि मग मोजलं. पूर्वपक्षाला असा मान द्यावा लागतो.

वर्गात एवढं सगळं करायला वेळ कुठे, असं शिक्षक म्हणतील आणि ते खरंच आहे. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा प्रश्न असतो. त्यात ‘मला आधी काय वाटत होतं’ याला गुण नाहीत. त्याला जागा वहीच्या शेवटच्या पानावर. ते पान एरवी फुली-गोळ्यासाठी, शाई झरते का ते बघण्यासाठी आणि बाईंच्या चित्रासाठी राखीव असतं. धडा सुरू करण्याआधी पाच मिनिटं ते पान उघडायला सांगायचं. खडू वर का जातो? चालत्या बसमध्ये नाणं कुठे पडेल? ज्याला जे वाटेल ते लिहायचं, खोडायचं नाही, तपासायला द्यायचं नाही. महिन्याभराने धडा संपल्यावर त्याच्याच खाली, दुसऱ्या शाईने, आता काय वाटतं ते.

अशा एखाद्या पानावर घार काढलेली असेल, पंख जरा वाकडे, खाली झाड आणि घरटं, बाजूला प्रश्नचिन्ह. त्याखालच्या दोन ओळी तूर्त कोऱ्या.